पंधराची पट्टी

पट्टी पंधराची.
चार मी खाल्लेल्या.
नाही, तीन. रविवारी विसरले होते.
पट्टीत उरल्या तीन, फरशीवर दोन,
एक अर्धी, चोखून थुंकलेली,
लाल कवच गेलेलं, आतलं तपकिरी उघडं.
म्हणजे पोटात साडेसहा.
हे गणित मी ओट्याला टेकून उभ्याउभ्या केलं,
तोवर मैत्रेय
लालभडक ओठांनी माझ्याकडे बघून हसत होता.

कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायची होती.

धानोरीत आमच्या बिल्डिंगीत
एक हाक मारली की अर्धा मजला आत येतो.
कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा,
कुणी म्हणालं बोट घाला घशात,
खालच्या गजभिये वहिनी तर दुधाचा पेला घेऊनच आल्या.
खरं सांगते, मिठाची बरणी माझ्याही हातात होती.
एकशेआठवरचा आवाज तेवढा घाई न करणारा:
तोंडातून काही देऊ नका. उलटी काढायला जाऊ नका.
कोणती गोळी? किती वाजता? वजन काय बाळाचं?
अकरा किलो दोनशे.
अंगणवाडीच्या कार्डावर गुरुवारीच लिहिलेलं.
शाळेत कधी इतकं पटकन उत्तर आलं नव्हतं मला.
पट्टी सोबत न्या, तो म्हणाला,
रिकामी असली तरी.

गाडी यायला वीस मिनिटं.
हुसेनभाईंनी रिक्षा चालूच ठेवली होती.
विश्रांतवाडी, येरवडा, बंडगार्डनचा पूल.
पोरगं अगदी बरं होतं, त्याचीच भीती.
पॉम पॉम करा म्हणत होता,
नदीतले बगळे मोजत होता, एक, दोन, पाच.
पूल संपता संपता ओकला माझ्या मांडीवर,
आणि मी, लाज वाटेल असं,
भर सिग्नलला ओढणी पसरून
त्यात लाल काही दिसतंय का शोधत बसले.

ससूनमधली डॉक्टर माझ्याहून लहान असेल.
मोजताना शंका आली तर जास्त धरायचं, म्हणाली,
आणि कागदावर सात लिहिलं.
मग एक्स-रे उजेडाला लावला.
पाच पांढरे ठिपके, एक पुसट अर्धा.
लोह दिसतं असं, ती म्हणाली.
मागच्या महिन्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर
मला असाच एक ठिपका दाखवला होता,
हे बघा, ठोका.
माझा हात माझ्याच पोटावर गेला,
आणि मी तो काढून घेतला.

सुदाम खडकीहून फॅक्टरीच्या कपड्यांतच आला.
काही बोलला नाही. पट्टी घेतली,
मागची बारीक अक्षरं वाचत उभा राहिला,
बराच वेळ, एकच ओळ.

रात्रभर नाकातल्या नळीतून पाणी, आतडी धुणारं.
सलाईनमधून औषध.
लघवी गुलाबी-केशरी झाली तेव्हा मी ओरडले,
सिस्टर म्हणाली, ओरडू नका, लोह बाहेर पडतंय.

पहाटे डोळे उघडून तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना,
तू लाल गोळी खाते ना, मग बाळ येतं.
माझ्या पण पोटात बाळ.

सर्दीचं औषध पाजताना
खाऊ आहे, आ कर,
असं मीच म्हणायचे.

चौथ्या दिवशी घरी आलो.
खेळण्यातल्या पिवळ्या डंपरमध्ये एक गोळी निघाली,
वाळूसारखी भरून ठेवलेली.
साडेपाचच होत्या मग.

गोळ्या आता माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, कुलपात.
किल्ली सुदामच्या खिशात, कामावर असला की माझ्या गळ्यात.
मला अजून चार महिने घ्यायच्याच आहेत.
रोज संध्याकाळी न्हाणीघरात, आतून कडी लावून.
बाहेर दारावर छोट्या थापा पडतात:
काय खाते? ए आई, काय खाते?
औषध, मी म्हणते. खाऊ नाही.
घोट घ्यायला उशीर होतो,
कवच जिभेवर सुटतं,
आणि गोड लागतं.